तिन्ही धर, पण हिशेब तीन ठेव

अगं, तुझा प्रश्न वाचून लगेच उत्तर दिलं नाही, कारण ते घाईत द्यायचं उत्तरच नव्हतं. "ताई, फोटो, फुलं आणि चित्रं यांतलं एकच काहीतरी धरू का? घरी सगळे म्हणतात, एक ना धड भाराभर चिंध्या." म्हणणारे काळजीपोटीच म्हणतात. पण त्यांनी एक तारखेला पगार जमा होताना पाहिलाय, आपल्या कामाचं वर्ष कसं फिरतं ते पाहिलेलं नाही. मी याच सांगलीत कॅमेरा, फुलांच्या बादल्या आणि रंगांचे डबे एका खोलीत ठेवून संसार केलाय, म्हणून सांगते, एकही सोडू नकोस. पुण्या-मुंबईत एखादी मुलगी नुसते हॉटेलांतल्या पदार्थांचे फोटो काढून बारा महिने जगू शकेल. आपल्या गावात एका कामाला बारा महिने पुरेल इतकं गिऱ्हाईक नाही.

आधी वर्ष समजून घे. आपलं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, तुळशीच्या लग्नापासून सुरू होतं. कार्तिक द्वादशी ते पौर्णिमा तुळशीची लग्नं लागली की माणसांच्या लग्नांना मोकळीक मिळते आणि फोटोग्राफरचा फोन वाजायला लागतो. तिथून आषाढापर्यंत, मधले बिनमुहूर्ताचे आठवडे सोडले, तर कॅमेरा खाली ठेवायला सवड नसते. आषाढी एकादशीला चातुर्मास बसला की मुख्य मुहूर्त संपतात. पंचांगात चातुर्मासातले गौण मुहूर्त दिलेले असतात, अडलेली घरं ते घेतातही, पण त्यावर चार महिन्यांचा किराणा भरत नाही.

आणि नेमक्या त्याच चार महिन्यांत फुलांना मागणी येते. श्रावणातली मंगळागौर, मग हरतालिका, गणपती, गौरी. पितृपक्षात पंधरवडाभर शांत, की लगेच नवरात्र, दसरा, लक्ष्मीपूजन. पुढे मार्गशीर्षातले गुरुवार आहेतच. त्यांच्या आदल्या बुधवारी बाजारात गेलीस की शेवंतीचा भाव ऐकूनच कळतं, उद्या घरोघरी महालक्ष्मीची पूजा आहे. इकडे चातुर्मासातल्या पावसाळ्यातच दिवाळी अंकांचं काम निघतं. कथा आलेल्या असतात, संपादकांना चित्रं हवी असतात, आणि बाहेर पाऊस असल्यामुळे तुलाही टेबलाशी बसता येतं. १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक निघाला तेव्हापासून मराठी चित्रकारांना पावसाळ्यात काम देणारी ही सोय चालत आलीय. दीनानाथ दलालांनी तर १९४५ मध्ये स्वतःचंच 'दीपावली' काढलं. या परंपरेत तुझ्यासाठी जागा आहे, आणि ती जागा सांगलीत बसूनही मिळते, कारण चित्राला मुंबईला जायला गाडीभाडं लागत नाही.

पंचांग जवळ ठेव असं मी म्हणते ते भाविकपणानं म्हणत नाही. २०२६ सालच बघ. अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन सराईतले चार आठवडे लग्नांसाठी बाद. जो फोटोग्राफर हे आधी पाहत नाही तो ऐन मेमध्ये हातावर हात ठेवून बसतो. तू अशा वेळी पुस्तकांची मुखपृष्ठं घे, शाळांच्या नव्या वर्षाची कामं घे, 'किशोर'सारख्या मासिकांना नमुने पाठव. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय आणि मुलांसाठी चित्रं काढणारे त्याला कायम लागतात.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. तिन्ही कामं तुझ्याच दोन हातांनी होतात, म्हणून तू तिन्हीचे पैसे एकाच पद्धतीनं सांगतेस: "किती वेळ लागेल" असा मनाशी अंदाज बांधतेस आणि एक आकडा म्हणतेस. तुझा तोटा तिथेच होतोय. फोटोत तू दिवस विकतेस. फुलांत नासणारा माल विकतेस. चित्रात वापराचा हक्क विकतेस. या तीन वस्तूच वेगळ्या आहेत. त्यांचा दर, त्यांची आगाऊ रक्कम, त्यांचा कागद, सगळं वेगळं असायला हवं. तीन वह्या कर, आणि एका वहीतला तोटा दुसरीतून भरून काढतेय का, ते दर महिन्याला बघ. तिन्हीचे पैसे एकाच पर्समध्ये पडतात म्हणून फुलांनी खाल्लेले पैसे फोटोंनी दिले, हे वर्षानुवर्षं कळत नाही.

फोटोपासून सुरुवात करते. गेलेला दिवस पुन्हा विकता येत नाही. वैशाखात एखादा असा मुहूर्त असतो की सांगली-मिरजेत एकही कार्यालय रिकामं नसतं. त्या तारखेला तू एका घराला हो म्हटलंस की बाकी सगळ्यांना नाही म्हटलंस. म्हणून आगाऊ रक्कम आल्याशिवाय वहीत तारीख लिहायची नाही, "आमचं नक्की आहे हो" असं कितीही गोड आवाजात सांगितलं तरी. एक तृतीयांश तारीख लिहिताना, एक तृतीयांश हळदीच्या दिवशी काम सुरू होण्याआधी, आणि उरलेले अल्बम छपाईला जाण्याआधी. शेवटचा हप्ता अल्बम हातात दिल्यावर घ्यायचा ठरवलास तर तो लांबणारच. तोवर लग्नघरातला पैसा केटररकडे आणि कार्यालयाकडे गेलेला असतो. लोक वाईट नसतात गं, कार्यानं दमलेले आणि रिकामे झालेले असतात.

दिवस धरताना फक्त कार्यालयातला दिवस धरू नकोस. हजारो फोटोंतून निवड, रंगांची दुरुस्ती, अल्बमची मांडणी, आणि मग "मोठ्या मामांचा एकही नाही" म्हणून पुन्हा उघडलेली फाइल, हे सगळं त्यात आलं. कॅमेऱ्याची झीजही त्यात आली. मधल्या दर्जाच्या बऱ्याच कॅमेऱ्यांचं शटर दीड-दोन लाख क्लिकच्या हिशेबानं बनवलेलं असतं. दोन दिवसांच्या लग्नात तीन-चार हजार क्लिक सहज होतात. म्हणजे प्रत्येक लग्न कॅमेऱ्याच्या आयुष्यातला एक तुकडा घेऊन जातं आणि त्या तुकड्याची किंमत तुझ्या दरात नसेल, तर पुढचा कॅमेरा तू कर्ज काढूनच घेशील.

आणि विधी शिकून घे. दर मागण्याचा खरा हक्क त्यानं येतो. बाहेरून आलेला फोटोग्राफर महागडी लेन्स आणतो, पण अंतरपाट कधी दूर होणार हे त्याला कळत नाही, आणि तो क्षण परत मागता येत नाही. मांडवात शिरल्यावर आधी गुरुजींना भेट. अंतरपाट कोण धरणार, मामा मुलीला कुठल्या बाजूनं आणणार, हे विचार. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं की जागेवरून हलू नकोस, कारण पुढच्या क्षणी अक्षतांचा पाऊस आणि पाहुण्यांची गर्दी एकदम येते. लाजाहोमात धूर कुठे जातो ते आधी बघ. कानपिळीला मुलीचा भाऊ हसणार हे ठरलेलंच असतं, तिथे तयार राहा. सूनमुखाच्या आरशात सासू आणि सून दोघींचे चेहरे येतील असा कोन आधीच शोधून ठेव. घरातल्या एखाद्या आत्याला जवळ कर, ती तुला नात्यांचा सगळा नकाशा सांगेल आणि मग कुठलेच मामा राहणार नाहीत.

एक गोष्ट मात्र माझी हट्टाची आहे. "मुलीला जरा उजळ करा" असं कुणी म्हणालं तर करायचं नाही. मांडवाच्या गुलाबी कापडाची झाक चेहऱ्यावर आली असेल तर ती काढ, डोळ्यांखालची जागरणाची सावली हलकी कर, तो आपल्या कामाचा भाग आहे. पण मुलीचा रंग तिचा आहे. वीस वर्षांनी तिची लेक तो अल्बम उघडेल तेव्हा तिला तिची आई दिसायला हवी. हे पहिल्याच भेटीत शांतपणे सांगायचं. त्यामुळे एखादं काम गेलं तर जाऊ दे.

फुलांचा स्वभाव याच्या अगदी उलट. इथे माल तुझा नाही, तो बाजाराचा आहे आणि प्रत्येक तासाला त्याची किंमत उतरत असते. म्हणून फुलांच्या कामात मालाची पूर्ण रक्कम आगाऊ घे. मजुरीचे मागाहून दिले तरी चालतील, पण मालात स्वतःचे पैसे गुंतवायचे नाहीत. लग्न पुढे ढकललं, घरात कुणी आजारी पडलं, तर तुझ्या बादल्यांतली फुलं वाट बघत नाहीत. दर सांगताना आजचा भाव धरून सांगू नकोस. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडू कुठे जातो आणि दसऱ्याच्या दुपारनंतर त्याला कुणी विचारतही नाही, हे तू पाहिलंयस. कोटेशनवर स्पष्ट लिही की भाव वाढला तर फूल बदललं जाईल, रंग बदलणार नाही. घरच्यांना खरं तर रंग हवा असतो, डच गुलाबच हवा असं फार थोड्यांना असतं.

शंभर काड्या लागणार असतील तर पंधरा-वीस जास्त घे आणि त्यांचे पैसे लाव. गड्डीत मोडक्या काड्या निघतातच. गुलाब वीसच्या गड्डीत येतो आणि जरबेरा दहाच्या, तेव्हा हिशेब काड्यांत करायचा आणि खरेदी गड्ड्यांत, हे डोक्यात ठेव. आपल्याला एक मोठी सोय आहे: शिरोळ-मिरज पट्ट्यातल्या पॉलिहाउसचा जरबेरा आणि गुलाब सकाळी तोडलेला दुपारी मिळू शकतो. शहरातल्या व्यापाऱ्याशिवाय एक-दोन शेतकऱ्यांशीही थेट ओळख ठेव. त्यांना सणाव्यतिरिक्तच्या दिवसांतही थोडी थोडी ऑर्डर देत राहा, म्हणजे टंचाईच्या दिवशी ते तुला नाही म्हणणार नाहीत. ऑर्किड, कार्नेशन, लिलियम यांच्यासाठी पुण्याच्या मार्केट यार्डावर अवलंबून राहावं लागतं, त्यामुळे रात्रीच्या ट्रॅव्हल्सचं भाडं आणि पहाटे खोकी उतरवून घ्यायची मजुरीही बिलात यायला हवी.

माल आला की काडी तिरकी छाट, पाण्यात बुडतील ती पानं काढ, बादल्या अंधाऱ्या थंड खोलीत ठेव. जरबेराला उथळ पाणी दे, त्याची लवदार काडी खोल पाण्यात कुजते. गुलछडी उमलायला संध्याकाळ लागते, ते धरून मुहूर्ताची वेळ बघ. आणि मे महिन्यात जिथे आंब्याची पेटी पिकायला ठेवलीय त्या खोलीत फुलं कधीच ठेवू नकोस. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू सुटतो आणि कार्नेशन एका रात्रीत मान टाकतं. लिलीचे परागकोश नवरीच्या हातात गुच्छ देण्याआधी काढून टाक. पैठणीवर ते केशरी पराग पडले तर ओल्या रुमालानं पुसायचे नाहीत, ते आणखी पसरतात. चिकटपट्टी हलकेच टेकवून उचलायचे. फवारणीची फुलं असतात, तेव्हा हातमोजे घाल, आणि त्याच हातांनी डबा खाऊ नकोस. हिरवा फोम मी आता वापरत नाही. तो कुजत नाही, त्याचा भुगा प्लॅस्टिकच होऊन गटारीतून शेवटी कृष्णेत जातो. तारेची जाळी चुरगळून भांड्यात बसवली की काड्या तितक्याच नेटक्या उभ्या राहतात, आणि ती जाळी पुन्हा वापरता येते.

चित्रांबद्दल जास्त सांगायचंय, कारण तिथे तू सगळ्यात जास्त देतेस आणि सगळ्यात कमी घेतेस. तू भडंगाच्या पाकिटासाठी जे चित्र काढलंस, त्याचे पैसे तू दोन दिवसांच्या मजुरीवर सांगितलेस. ते पाकीट कोल्हापूरपासून पुण्यापर्यंत किती वर्षं विकलं जाणार आहे? हळदीचे व्यापारी, तासगावचे बेदाणेवाले, मसालेवाल्या बायका, या सगळ्यांना आता पाकिटावर चांगलं चित्र हवंय. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळाल्यापासून तर नाव आणि चित्र दोन्हींना किंमत आलीय. म्हणजे या गावात चित्राला बाजार आहे. फक्त विकताना विचार: कुठे वापरणार, किती काळ, कशाकशावर? पाकिटासाठी एक दर, तेच चित्र दुकानाच्या पाटीवर आणि टेम्पोवर हवं असेल तर त्याचा वेगळा. "एकदा पैसे दिले म्हणजे चित्र आमचं" असं गिऱ्हाइकाला वाटतं, आणि कागद नसला की तुलाही तसंच वाटायला लागतं.

इथे कायदा समजून घे, तो अवघड नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्राचा पहिला मालक सहसा ते काढणाराच असतो. पण जो फोटो, पेंटिंग किंवा पोर्ट्रेट कुणी मोबदला देऊन आपल्यासाठी करवून घेतं, त्याचा पहिला मालक वेगळा करार नसेल तर करवून घेणारा ठरतो. म्हणजे ज्या लग्नाचे फोटो तू काढलेस ते, काही लिहून घेतलं नसेल तर, कायद्यानं त्या घराचे. ते तू आपल्या कामाचे नमुने म्हणून दाखवायचे तर परवानगीची ओळ करारात हवी, आणि तशीही ती हवीच, कारण तो त्यांचा खासगी दिवस आहे. नोकरीत काढलेल्या कामाची गोष्ट निराळी, तिथे हक्क सहसा नोकरी देणाऱ्याचाच. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. हे सगळं एका पानावर मराठीत लिहिता येतं. मुलाचं नाव शाळेत घालताना लोक चार पानं भरतात, चित्रासाठी एक पान भरायला कुणी नाही म्हणत नाही. तू पुढे केलंस तर.

संपादकांना काम पाठवतानाही तेच. दिवाळी अंकाचा मोबदला लहान असतो, आणि मला त्याबद्दल राग नाही, कारण कितीतरी अंक जिद्दीवरच चालतात. पण मूळ चित्र तुझं, अंकापुरता वापर त्यांचा, हे पत्रात लिही. पुढे त्याच चित्रांची छापील प्रत, ग्रीटिंग, दिनदर्शिका, काहीही तुला करता यायला हवं. आणि तुझं नाव चित्राशी छापलं जावं यासाठी आग्रह धर. निर्मात्याचा तो हक्क कायद्यानंही मानलाय, हक्क विकल्यावरसुद्धा तो राहतो.

आता एक गोष्ट, जी तुझ्या मनात आहे हे मला ठाऊक आहे. एकाच लग्नात फुलंही आपणच करू, फोटोही आपणच काढू, म्हणजे पैसे दुप्पट. करू नकोस. मांडवाचं काम मुहूर्ताआधीच्या तासात सगळ्यात जास्त हात मागतं, आणि त्याच तासात नवरी आरशापुढे असते, जिथे कॅमेरा हवा असतो. एक तरी काम उणं पडणार, आणि गावात चर्चा उण्याचीच होते. पत्रिकेवरचं चित्र आणि फोटो, किंवा पत्रिका आणि फुलं, असं जमतं, कारण पत्रिका महिनाभर आधी घरातून गेलेली असते. तोच तुझा दरवाजा आहे. पत्रिकेसाठी आलेल्या घराशी तुझं बोलणं सगळ्यात आधी होतं आणि पुढचं काम तिथूनच निघतं. उरलेली फुलं मात्र फेकू नकोस. कार्यानंतर दोन दिवस ती टेबलावर ठेवून काढत बस. पाकळी कशी सुरकुतते ते तुला कुठल्याही फोटोवरून कळणार नाही.

नात्यातल्या कामांचं काय करायचं, हे तू विचारलं नाहीस, पण तुला सगळ्यात जास्त त्रास त्याचाच आहे. आपल्या गावात प्रत्येक जण कुणाचा तरी मावसभाऊ असतो. "घरचंच कार्य आहे, तू काय परकी आहेस का" हे ऐकल्यावर अर्धे पैसे सांगायचे, मग ते अर्धेही मागायला संकोचायचं आणि मनात धुसफूस ठेवायची, असं वर्षानुवर्षं चालतं. माझा नियम साधा आहे. फार जवळचं माणूस असेल तर पूर्ण काम आहेर म्हणून दे, तोंडानं म्हण, "हा माझा आहेर," आणि मग त्या घरून दुसरा आहेर घेऊन जाऊ नकोस. बाकी सगळ्यांना पूर्ण दर. अधलंमधलं काही नाही. अर्ध्या दरात केलेल्या कामाची आठवण दोन्हीकडे कडू राहते, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तोच दर तुझा दर वाटतो.

रात्रीच्या कामाला एकटी जाऊ नकोस. वरातीनंतर कार्यालयातून निघायला बारा वाजतात आणि जत किंवा आटपाडीकडून परतायला आणखी दोन तास. सोबत मदतनीस मुलगी ठेव, तिचे पैसे बिलात लाव, गाडीची सोय ठरवूनच काम घे. बायकांच्या खोलीत तुला थेट जाता येतं, नवरीची आई डोळे पुसताना तुझ्यापासून तोंड फिरवत नाही. पुरुष फोटोग्राफरला जे दिसत नाही ते तुला दिसतं, ही तुझी ताकद आहे. म्हणूनच त्या खोलीतले फोटो घरच्यांना दाखवल्याशिवाय कुठेही टाकायचे नाहीत.

आणि पाण्याचं विसरू नकोस. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फुटांची. बाजारपेठेतली दुकानं, घरं, कित्येकांचे आयुष्यभराचे अल्बम त्या पाण्यात गेले. तुझी खोली तळमजल्यावर आहे. लोकांच्या लग्नाचे फोटो तुझ्याकडे असेपर्यंत त्यांच्या तीन प्रती असायला हव्यात: एक संगणकावर, एक वेगळ्या हार्डडिस्कवर, आणि एक गावाबाहेर किंवा क्लाउडवर. जूनमध्येच कॅमेरे आणि मूळ चित्रं वरच्या मजल्यावर हलव, पाणी वाढल्याची बातमी येईपर्यंत थांबू नकोस. उपकरणांचा विमा उतरव, आणि त्यात पूर धरलाय का ते वाचून मगच सही कर.

कागदपत्रांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी कर, ती ऑनलाइन आणि मोफत आहे, तिच्यासाठी कुणाला पैसे देऊ नकोस. नोंदणी असली की ज्या कंपनीकडे किंवा संस्थेकडे तुझे पैसे अडकतात, तिनं कायद्यानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत ते द्यायला हवेत. तसं बिलावर छापलेलं असलं की बरेचजण आपणहून देतात. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत सेवांसाठी जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. मोठी गिऱ्हाइकं टीडीएस कापतात, तो कापलेला पैसा तुझाच आहे, रिटर्न भरलंस तरच तो हिशेबात येतो. आरोग्यविमा मात्र याच वर्षी घे. पाठ आणि मनगट ही आपली हत्यारं आहेत, आणि आपल्याला आजारपणाची रजा कुणी देत नाही.

हरभट रोडवरच्या जुन्या स्टुडिओवाल्यांशी ओळख वाढव. त्यांना आता नवी कामं कमी येतात, पण एका दिव्यात चेहरा कसा बसवायचा हे त्यांच्याइतकं कुणाला येत नाही, आणि विचारलंस तर ते मनापासून शिकवतात. बरोबरीच्या फोटोग्राफरांशीही दर पाडायची चढाओढ करू नकोस. ज्या तारखेला तू अडकली आहेस ते काम त्यांच्याकडे पाठव, सेकंड शूटर म्हणून त्यांना बोलाव, त्यांनी बोलावलं तर जा. वैशाखातल्या एखाद्या मुहूर्ताला तुझा फ्लॅश बंद पडला तर पुण्याहून कुणी येणार नाही, शेजारच्या कार्यालयात काम करणारा त्यांच्यातलाच एखादा आपला जादाचा फ्लॅश देईल.

येत्या रविवारी दुपारी ये. तिन्ही वह्या आण, भडंगवाल्यांचं ते जुनं बिलही आण. आपण आधी चित्रांचं दरपत्रक लिहू, मग तो एका पानाचा करार मराठीत तयार करू, आणि आषाढ लागायच्या आत कुठल्या कुठल्या संपादकांना नमुने पाठवायचे त्यांची यादी मी करून ठेवते.